पोट उडतं तेव्हा कमरेचा एमआरआय पुरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतल्या प्रश्नोत्तरांत नुकताच एका वाचकाने प्रश्न विचारला होता. रात्री अंथरुणावर पाठ टेकली की पोट आपोआप उसळतं, मांड्या पोटाकडे ओढल्या जातात, क्षणभर थांबून परत तेच. डोळा लागला की थांबतं, पण डोळा लागू देत नाही. उत्तर चार ओळींचं होतं : कमरेचा एमआरआय करून घ्या, तो स्वच्छ आला तर मानसिक ताण समजा, तोवर कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू ठेवा. असलं उत्तर घेऊन बरीच माणसं आमच्या खोलीपर्यंत येतात, त्यामुळे राहवलं नाही. पत्र लांबलं आहे. काटछाट केलीत तरी हरकत नाही, फक्त एमआरआयचा भाग तेवढा कापू नका.

मी डॉक्टर नाही. रुग्णालयाच्या न्यूरो विभागात ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) आणि ईएमजी (स्नायूंतल्या विजेचा आलेख) काढणारी तंत्रज्ञ आहे. निदान डॉक्टर लिहितात, पण ते ज्या आलेखावरून लिहितात तो काढण्यासाठी त्वचा घासून, जेल लावून, एकेका स्नायूवर इलेक्ट्रोड चिकटवणं आणि मग पडद्याकडे बघत बसणं हे माझं रोजचं काम. अंग आपोआप उडणारे रुग्ण आले की माझी खोली लवकर रिकामी होत नाही. ते कधी उडणार याची वाट बघावी लागते, आणि तपासणीला आल्यावर ते नेमके उडत नाहीत.

अशा उडण्याला मायोक्लोनस म्हणतात, म्हणजे विजेचा झटका बसल्यासारखा, क्षणात येऊन जाणारा स्नायूंचा धक्का. तो आपण दिलेला नसतो आणि ठरवून थांबवताही येत नाही. उचकी हाही त्यातलाच प्रकार, झोप लागता लागता सगळं अंग दचकतं तोही. हे दोन्ही निरोगी माणसाला होतात आणि त्यांच्यामागे धावू नये. आजाराचा मायोक्लोनस मेंदूच्या पृष्ठभागातून सुटू शकतो, मेंदूच्या देठातून सुटू शकतो, मज्जारज्जूतून सुटू शकतो, क्वचित बाहेरच्या एखाद्या मज्जातंतूतूनही. बघणाऱ्याला सगळे सारखेच दिसतात. तो कुठून सुटला हे कळल्याशिवाय कारण शोधायचं कुठे, हेच ठरत नाही. पुरवणीतल्या उत्तरात ही पायरीच गाळली आहे.

मज्जारज्जूतून सुटणाऱ्या धक्क्यांचे दोन प्रकार आहेत. आधी सोपा घेते. मज्जारज्जूच्या एका किंवा शेजारशेजारच्या दोन-तीन खंडांतून निघणारा, म्हणून त्याला सेगमेंटल म्हणतात. त्या खंडांच्या ताब्यातले स्नायू तेवढे उडतात, बाकीचं अंग स्वस्थ. मानेच्या भागातून निघाला तर खांदा किंवा दंड, छातीच्या भागातून निघाला तर पोटाची भिंत, खालून निघाला तर मांडी किंवा पोटरी. पुष्कळदा त्याला ठेका असतो. मिनिटाला एखाद-दुसरा धक्का ते दोनशेच्याही वर, असा मोठा पल्ला आहे. त्या माणसाने बोलावं, हिशोब करावा, दुसऱ्या हाताने काही करावं, ठेका सहसा बदलत नाही.

एक काका आठवतात. उजवी मांडी उडायची. गुडघ्याची वाटी टुणकन वर जायची, खाली यायची, साधारण सेकंदाला एकदा. पाय पलंगावर पसरलेला, पाऊल शांत, डावी मांडी शांत. मी मांडीच्या पुढच्या स्नायूवर, मागच्या स्नायूवर, पोटरीवर आणि नडगीलगतच्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावले आणि दिवा मंद केला. थोड्या वेळाने विचारलं, "काका, हात-पाय गार पडलेत का? पांघरूण देऊ?" उत्तर नाही. काका घोरत होते. ईईजीच्या तारांवर झोपेच्या लाटा स्पष्ट, आणि खालच्या ओळीत मांडीचा स्नायू त्याच ठेक्यात. कोपऱ्यात बसलेल्या काकूंना मी पडदा दाखवला. त्या म्हणाल्या, "अहो, हे असंच असतं रात्रभर, पण कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणतात झोपेत कसं उडेल?" झोपेतही चालू राहणं ही सेगमेंटल प्रकाराची जुनी आणि ठळक खूण आहे. ती कागदावर उतरली आणि त्या घरातला वाद तिथल्या तिथे मिटला.

ज्यांनी डिस्टेंपर झालेलं कुत्रं पाहिलं आहे त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. त्या विषाणूच्या आजारातून वाचलेल्या कुत्र्याचा एखादा पाय किंवा जबडा ठेका धरून उडत राहतो, झोपेतही. कुत्र्याला मानसिक ताण आहे असं कुणी म्हणत नाही.

हे होतं कसं? मज्जारज्जू म्हणजे मेंदूचा निरोप खाली नेणारी नुसती तार नव्हे. प्रत्येक खंडात स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या पेशी आहेत आणि त्यांना लगाम घालणाऱ्या छोट्या पेशीही आहेत. हा लगाम मुख्यतः ग्लायसिन आणि गाबा या दोन रसायनांचा. तो सुटला की हुकूम सोडणाऱ्या पेशी थोड्याशा कारणाने, किंवा कारणाशिवायही, एकदम पेटतात. कुचल्याच्या बियांतलं स्ट्रिक्नीन ग्लायसिनची जागा अडवतं, त्यामुळे विषबाधा झालेला माणूस नुसत्या स्पर्शाने ताठतो. धनुर्वाताचं विष याच रसायनांचा स्राव रोखतं. दोन्हीत शुद्ध हरपत नाही. बिघाड खाली असतो. सेगमेंटल मायोक्लोनसमध्ये हेच एका तुकड्यापुरतं घडतं, कारण त्या तुकड्यातल्या लगाम घालणाऱ्या पेशी कशामुळे तरी दबल्या किंवा मेल्या आहेत. वरून येणारा मेंदूचा अंकुश तुटल्यानेही तो तुकडा मोकाट सुटतो.

कशामुळे दबल्या, हीच कारणांची यादी. मणक्यांच्या झिजेने मानेत मज्जारज्जूवर आलेला दाब. आतली किंवा बाहेरून रेटणारी गाठ. मज्जारज्जूच्या मधोमध पाण्याची पोकळी तयार होणारा सिरिंगोमायेलिया. मार लागणं. मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा मज्जारज्जूची दुसरी कुठली सूज. नागीण : जिथे फोड आले त्याच पट्ट्यातले स्नायू नंतर उडू लागलेले आहेत. एचआयव्हीसारखे संसर्ग. रक्तपुरवठा तुटणं, रक्तवाहिन्यांचं जन्मजात जाळं. शरीरात दुसरीकडे असलेल्या कर्करोगाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं, हे दुर्मीळ. यातली काही कारणं वेळेत सापडली तर त्यांवर शस्त्रक्रिया किंवा औषध आहे, आणि कधी कधी पायातली ताकद जाण्याआधी फक्त हा धक्काच दिसत असतो. कॅल्शियमच्या गोळ्यांवर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. रक्तात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम खरंच उतरलं असेल तर स्नायू वळतात, उडतात, हे खरं. पण ते रक्त तपासून कळतं, आणि तपासल्यावाचून गोळ्या खात महिने काढले तर तो वेळ गाठीला मिळतो.

पाठीतून दिलेल्या भुलीनंतरही असे धक्के येऊ शकतात. बहुधा पाय उडतात, काही तासांत थांबतात, माणूस घरी जातो. पण एक वेगळी आणि भयंकर गोष्ट याच वाटेने घडते. ट्रानेक्सामिक ॲसिड हे रक्तस्राव थांबवायचं उपयोगी औषध शिरेतून द्यायचं असतं. त्याची कुपी भुलीच्या औषधाच्या कुपीसारखी दिसते म्हणून ते चुकून पाठीत टोचलं गेल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत. ते तिथे ग्लायसिन आणि गाबाचीच जागा अडवतं. कमरेत आणि पायांत असह्य वेदना, पायांचे धक्के, मग सर्वांगाचे झटके, आणि जवळपास निम्म्या जणांचा मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये याबद्दल इशारा काढला आणि या कुप्या भुलीच्या औषधांपासून दूर ठेवा असं बजावलं. ऑपरेशन थिएटरमधल्या लोकांना हे माहीत असतं. रुग्णाच्या नातेवाइकांना इतकंच माहीत असावं की पाठीत इंजेक्शन दिल्यावर पाय उडू लागले आणि दुखणं वाढत चाललं, तर तिथल्या तिथे सांगायचं, सकाळच्या फेरीची वाट बघायची नाही.

आता एमआरआय. पाठीचा कणा आणि त्यातला मज्जारज्जू यांची लांबी सारखी नसते. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू साधारण पंचेचाळीस सेंटिमीटरचा, तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली कण्याच्या पोकळीत फक्त मज्जातंतूंचा झुपका लोंबत असतो. म्हणजे ज्याला आपण कंबर म्हणतो, जिथे चकती सरकते, जिथे हात ठेवून माणूस "इथे दुखतं" म्हणतो, तिथे मज्जारज्जू नसतोच. मांडीच्या पुढच्या स्नायूला हुकूम देणारे खंड नावाने कमरेचे असले तरी बसलेले असतात छातीच्या शेवटच्या मणक्यांच्या पातळीवर. पोटाच्या भिंतीचे खंड त्याच्याही वर. बेंबीच्या पट्ट्याचा खंड छातीचा दहावा. कमरेच्या एमआरआयमध्ये छातीचे फार तर शेवटचे एक-दोन मणके वरच्या काठाशी येतात. पोट उडणाऱ्या माणसाचा कमरेचा एमआरआय काढणं म्हणजे बिघाड जिथे असू शकेल तो भाग सोडून बाकीच्याचं चित्र काढणं. ते स्वच्छ आलं तर त्यातून काय सिद्ध झालं?

त्या काकांच्या फाइलमध्येही कमरेचा स्वच्छ एमआरआय होता. डॉक्टरांनी माझ्या आलेखावरून कोणते खंड ते ठरवलं आणि छातीच्या खालच्या भागाचा एमआरआय शिरेत रंगद्रव्य देऊन पुन्हा मागवला. अकराव्या मणक्यामागे मज्जारज्जूला एका बाजूने रेटणारी गाठ होती. वाचकांनी आपापले जुने रिपोर्ट काढून पाहावेत. वर "एल. एस. स्पाइन" लिहिलं असेल तर तो कमरेचा. "डी" किंवा "डॉर्सल" लिहिलं असेल तर छातीचा, "सी" किंवा "सर्व्हायकल" असेल तर मानेचा. पुष्कळांना "कण्याचा एमआरआय झालाय" एवढंच माहीत असतं.

आता अवघड प्रकार, ज्याची लक्षणं त्या प्रश्नकर्त्या वाचकाने लिहिली आहेत. १९९१ मध्ये लंडनच्या पीटर ब्राउन, डेव्हिड मार्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांचं धड एकदम पुढे वाकायचं, पोट आवळलं जायचं, मांड्या उचलल्या जायच्या, आणि आडवं झाल्यावर हे वाढायचं. त्यांनी एकाच वेळी अनेक स्नायूंचा आलेख काढला. धक्का बहुतेक वेळा छातीच्या मधल्या खंडांतून सुरू होऊन तिथून वर मानेकडे आणि खाली मांड्यांकडे पसरत होता, आणि फार सावकाश पसरत होता. मेंदूतून स्नायूंकडे जाणारा मुख्य मार्ग सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाचा. हा प्रवास सेकंदाला पाच ते पंधरा मीटरचा. एक्स्प्रेस गाडीचा रूळ सोडून प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या पॅसेंजरने जावं, तसा हा संदेश मज्जारज्जूतल्याच खंडाखंडांना जोडणाऱ्या छोट्या तंतूंवरून जातो. त्या तंतूंवरून प्रोप्रिओस्पायनल मायोक्लोनस हे नाव पडलं. १९९७ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या मंडळींनी असे रुग्ण मांडले ज्यांना हे फक्त अंग सैल सोडल्यावर, जाग आणि झोप यांच्या उंबरठ्यावर व्हायचं. मन कशात गुंतलं की थांबायचं आणि झोप लागली की नाहीसं व्हायचं. निद्रानाशाच्या गोळ्या खाणाऱ्या काही जणांचं मूळ दुखणं हे निघालं.

हे माझ्या पडद्यावर कसं दिसतं ते सांगते. मानेच्या बाजूचा स्नायू, छातीचा, पोटाचा वरचा भाग, पोटाचा खालचा भाग, पाठीचा कण्यालगतचा, मांडीचा पुढचा, अशा ओळी एकाखाली एक. रुग्णाला आडवं करून गप्प पडू द्यायचं. धक्का आला की मी तो ताणून रुंद करते, इतका की सेकंदाचा शंभरावा भाग बोटभर दिसावा. मज्जारज्जूवर वीस सेंटिमीटरचं अंतर जलद मार्गाने कापायला तीन-चार मिलिसेकंद पुरतात. प्रोप्रिओस्पायनल तंतूंनी तेरा ते चाळीस लागतात. खंडापासून स्नायूपर्यंतच्या प्रवासाचा वेळ वजा केला की फरक मोजता येतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रम. प्रत्येक धक्क्यात पहिला स्नायू तोच हवा आणि पुढची रांगही तीच हवी. दहा धक्के एकाखाली एक ठेवले आणि कधी मान आधी, कधी मांडी आधी, कधी सगळे एकदम, असं दिसलं की मज्जारज्जूच्या एका खंडावर बोट ठेवणं कठीण होतं. चेहऱ्याचे स्नायू सामील असले तरी तेच, कारण चेहऱ्याचे मज्जातंतू मज्जारज्जूतून निघतच नाहीत, मेंदूच्या देठातून निघतात.

डोक्यावर ईईजीचे इलेक्ट्रोडही लावलेले असतात. ते कशाला, असं प्रत्येक जण विचारतो, पोट उडतंय आणि तुम्ही डोक्याला का चिकटवताय? दोन कारणांसाठी. हाताचा धक्का मेंदूच्या पृष्ठभागातून सुटला असेल तर त्याच्या सुमारे वीस मिलिसेकंद आधी डोक्यावरच्या आलेखात एक टोकदार लाट सापडते, आणि स्नायूचा धक्काही फार आखूड, पन्नास मिलिसेकंदांच्या आतला असतो. मज्जारज्जूचा धक्का सहसा त्याहून लांब. दुसरं कारण जर्मनीतल्या कॉर्नह्युबर आणि डेके यांनी १९६० च्या दशकात शोधलेली एक मंद लाट. माणूस स्वतःहून हालचाल करतो तेव्हा तिच्या साधारण एक ते दोन सेकंद आधीपासून मेंदूवर तयारीची ही लाट चढू लागते. इतकी बारीक की एकट्या धक्क्यात दिसत नाही. चाळीस-पन्नास किंवा अधिक धक्के पकडून, प्रत्येकाच्या आधीचा ईईजीचा तुकडा एकावर एक ठेवून सरासरी काढावी लागते. मज्जारज्जूतल्या धक्क्याआधी ती असण्याचं कारणच नाही. ती ठळक दिसली तर धक्क्याची तयारी मेंदूच्या ऐच्छिक हालचालींच्या यंत्रणेत झाली, असा अर्थ निघतो. दिसली नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. आणि धक्के एकामागून एक येत असतील तर ही तपासणी करताच येत नाही, कारण दोन धक्क्यांमध्ये लाट चढायला जागाच उरत नाही.

ही लाट तपासायला लागल्यावर १९९१ च्या निदानाला मोठा हादरा बसला. २०१० नंतर नेदरलँड्स आणि लंडनच्या गटांनी असे रुग्ण नव्याने तपासले, जुने अहवालही पुन्हा चाळले. प्रोप्रिओस्पायनल म्हणून नोंदलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचे धक्के फंक्शनल निघाले, म्हणजे यंत्रणा शाबूत असताना तिच्या कामातल्या गोंधळाने येणारे. नुसत्या डोळ्यांनी पाहून केलेलं हे निदान भरवशाचं नाही, असा निष्कर्ष आला. म्हणजे पुरवणीतल्या उत्तरातला "मानसिक" हा अंदाज कदाचित वस्तुस्थितीजवळ पोचलाही असेल. मग माझी तक्रार काय?

तक्रार ही की तो अंदाज चित्र स्वच्छ असण्यावरून काढला. प्रोप्रिओस्पायनल प्रकारात खरा मज्जारज्जूचा धक्का असूनही एमआरआय पुष्कळदा काहीच दाखवत नाही. उलट मणक्यांची थोडीफार झीज तर उतारवयात बहुतेकांच्या चित्रात दिसते आणि तिचा धक्क्यांशी संबंध असेलच असं नाही. फंक्शनल निदान "बाकी काही सापडलं नाही" यावरून होत नाही, ते स्वतःच्या खुणांवर उभं राहतं. लक्ष दुसरीकडे वळवलं की धक्के थांबतात किंवा विरळ होतात. बोटाने टेबलावर ठरावीक ठेका धरायला सांगितला की धक्के तो ठेका पकडतात. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर येणारा धक्का शंभर मिलिसेकंदांहून उशिरा आणि दर वेळी वेगळ्या वेळाने येतो. प्रतिक्षिप्त क्रियेला इतका उशीर आणि इतकी ढिलाई परवडत नाही. आणि तयारीची लाट. या खुणा बघून, मोजून, रुग्णाला दाखवून निदान सांगितलं तर ते त्याला पटतं. "रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" म्हटलं की तो दुसऱ्या दारात जातो, तिथून तिसऱ्या, आणि तिथे कुणीतरी झिजलेल्या मणक्याची शस्त्रक्रिया सुचवतो.

फंक्शनल म्हणजे ढोंग नव्हे, हेही एकदा छापा. माझ्यासमोर अंगावरचं सगळं बळ एकवटून धक्का रोखायचा प्रयत्न करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना तो आवरत नाही, हे खरं आहे. हालचाल घडवणारी यंत्रणा शाबूत आहे, तिची सुरुवात मात्र इच्छेच्या बाहेर होते आहे. त्यावर उपचार वेगळा, नीट समजावून सांगणं आणि हालचालींचं पुनर्शिक्षण देणारी फिजिओथेरपी, गरज असेल तर मानसोपचार. एकाच घरात सासूबाई म्हणत होत्या "नाटकं आहेत" आणि नवरा म्हणत होता "हिच्या कण्याचं ऑपरेशन करा". पलंगावरची बाई दोघांकडेही बघत नव्हती. मी तिला एवढंच म्हटलं, "ताई, तुम्ही करत नाही हे मला दिसतंय." तिने तेव्हा पहिल्यांदा डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं.

फसवे सोबती पुष्कळ आहेत, त्यांचा नुसता उल्लेख करते. कातडीखाली स्नायूचा तंतू थरथरतो पण सांधा हलत नाही, ते फॅसिक्युलेशन. जुन्या मज्जारज्जू-इजेनंतर पाय आखडून वर येतात आणि काही सेकंद तसेच राहतात, ते स्पॅझम, धक्के नव्हेत. पोटाची भिंत लाटेसारखी हलत असेल तर श्वासपटलाकडे बघावं लागतं. मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होत आलं की सर्वांग उडतं, म्हणून या तपासण्या आधी होतात, त्यांच्यासोबत साखर, क्षार, थायरॉइड. आणि औषधं! गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन या गोळ्या मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिल्या जातात, पण त्यांनीच मायोक्लोनस होऊ शकतो, मूत्रपिंड अधू असेल तर जास्तच. अफूवर्गातली वेदनाशामकं, लिथियम, काही नैराश्याच्या गोळ्या, काही प्रतिजैविकंही. कंबरदुखीसाठी गोळी सुरू झाली, मग अंग उडू लागलं, म्हणून मणक्याची तपासणी झाली, हा क्रम मी फाइलींमध्ये वाचलेला आहे. मात्र कुठलंही औषध आपल्या मनाने बंद करू नका. धक्क्यांसाठी दिली जाणारी क्लोनाझेपामसारखी गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते. तपासणीच्या दिवशी ती घ्यायची की नाही हे डॉक्टरांनाच विचारा. ती घेऊन आलात तर कधी कधी माझ्या पडद्यावर सरळ रेघ येते.

घरच्यांना करता येण्यासारखं एक काम आहे, व्हिडिओ. मोबाइल टेकवून ठेवा, हातात धरू नका. पोट उडत असेल तर पोट उघडं, चेहऱ्यापासून पावलांपर्यंत सगळं चौकटीत, दिवा पुरेसा. एक तुकडा आडवं असताना, एक उभं असताना, एक गप्पा मारताना, एक गाढ झोपेत. चित्रीकरण करताना "बघ, आला, आला" असं म्हणू नका, त्याने धक्के बदलतात. एवढ्या चार तुकड्यांनी डॉक्टरांचा निम्मा प्रश्न सुटतो, आणि माझ्या खोलीत धक्का आला नाही तरी दिवस वाया जात नाही. पायात अशक्तपणा, अंगावर एका पातळीखाली बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप, कर्करोगाचा पूर्वेतिहास यांपैकी काही असेल तर व्हिडिओ वगैरे राहू द्या, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

शेवटी एक मागणी, आणि ती वाचकांकडे नाही, आम्हाला चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्यांवर "ईएमजी, दोन्ही पाय" किंवा नुसतं "ईईजी" लिहिलेलं असतं. साध्या ईएमजीत सुई टोचून स्नायूचा आणि मज्जातंतूचा आजार शोधतात. धक्का कुठून सुटला हे त्यातून कळत नाही. त्यासाठी अनेक स्नायूंचा एकत्र आलेख हवा, सोबत ईईजी हवा, आणि तो मांडून ठेवायला माझी अख्खी सकाळ हवी. चिठ्ठीवर एवढं लिहा : कोणते स्नायू उडतात, आडवं असताना की उभं असताना, झोपेत चालू राहतात की थांबतात, कोणत्या गोळ्या चालू आहेत. नाहीतर आम्ही चिठ्ठीवर लिहिलेलीच तपासणी करतो, ती नॉर्मल येते, आणि ती नॉर्मल तपासणी रुग्णाच्या फाइलमध्ये त्या स्वच्छ कमरेच्या एमआरआयशेजारी जाऊन बसते.

आपली,
एक ईएमजी तंत्रज्ञ